पहिल्या सेमिस्टरचा लेखनवर्ग: अपेक्षा, गुण आणि तपासणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दर वर्षी जून-जुलैमध्ये प्रवेश संपले की हेच प्रश्न येतात. वर्ग सुटल्यावर दाराशी, व्हॉट्सअ‍ॅपवर, कधी बसस्टँडवर खानापूरच्या गाडीची वाट बघताना. एकदाच नीट लिहून ठेवावं म्हणून हे पान. यातली गुणांची वाटणी बेळगावातल्या आमच्या मराठी लेखनवर्गापुरती आहे. विद्यापीठाच्या निकालपत्रात आंतरिक गुण किती धरायचे, हे त्या त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाप्रमाणे ठरतं आणि आमचे शंभर गुण त्या प्रमाणात बदलले जातात.

हा वर्ग नेमका कशाचा? निबंध तर आम्ही दहावीपर्यंत लिहिलेच.

लिहिलेत, आणि कर्नाटकच्या एसएसएलसीत, म्हणजे दहावीच्या परीक्षेत, प्रथम भाषेला १२५ गुण असतात, तेव्हा मन लावूनच लिहिले असतील. पण तिथला निबंध बहुतेक वेळा पाठ असतो. 'माझा आवडता ऋतू' म्हटलं की पावसाळा आणि पावसाळा म्हटलं की धरतीने नेसलेला हिरवा शालू. तो शालू मी दर वर्षी शंभरेक वह्यांत वाचते. कणकुंबी-जांबोटीकडच्या मुलाच्या वहीतही तोच असतो. त्याच्या घरी पावसात चार-चार दिवस वीज नसते, गुरांचा गोठा गळतो, शाळेची वाट ओढ्याने अडते, यातलं एक अक्षर वहीत नसतं.

या वर्गात तुम्ही स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं, वाचलेलं आणि त्यावर विचार केलेलं लिहायचं. लिहिलेलं परत वाचायचं आणि परत लिहायचं. मुख्य काम हे 'परत'चं आहे.

किती लिहावं लागतं?

चार लेख. पहिला एका जागेचं किंवा कामाचं निरीक्षण, साधारण ५०० शब्द. दुसरा मुलाखतीवरून, ८०० शब्द. तिसऱ्यात एखाद्या प्रश्नावर स्वतःचं मत मांडायचं. चौथा निदान तीन छापील किंवा खात्रीच्या साधनांच्या आधारे, १२०० शब्दांपर्यंत. प्रत्येक लेखाचा आधी कच्चा खर्डा, मग पक्की प्रत.

गुण कसे वाटले आहेत?

पहिल्या लेखाला १०, दुसऱ्याला २०, तिसऱ्या-चौथ्याला प्रत्येकी २५. कच्चे खर्डे वेळेवर देणं आणि वर्गमित्राचा खर्डा वाचून त्यावर उपयोगी शेरा लिहिणं याचे १०. वर्गात बसून केलेल्या छोट्या लेखनाचे १०. पहिल्या लेखाला मुद्दाम कमी गुण ठेवलेत, कारण तिथे सगळेच अडखळतात आणि त्या अडखळण्याने सेमिस्टरभराचं नुकसान होऊ नये.

२५ गुणांचा लेख तपासताना माझी फोड अशी असते: लेखाला काही सांगायचं आहे का आणि ते शेवटपर्यंत धरून ठेवलंय का, याला ८. तपशील आणि पुरावा, ७. मांडणी, म्हणजे एका परिच्छेदातून दुसऱ्यात वाचणारा न ठेचकाळता जातो का, ५. वाक्यरचना आणि शब्दांची निवड, ३. शुद्धलेखन, २.

शुद्धलेखनाला फक्त दोनच? मग ते महत्त्वाचं नाही का?

महत्त्वाचं आहे. पण दोन गुणांइतकंच, आणि तेही पक्क्या प्रतीत. कच्च्या खर्ड्यात मी ऱ्हस्व-दीर्घाला हात लावत नाही. पुढच्या वेळी जो परिच्छेद कदाचित खोडलाच जाणार, त्याच्या वेलांट्या सुधारण्यात तुमचा वेळ का घालवायचा?

नियम फार नाहीत. साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये चौदा आणि १९७२ मध्ये चार, असे अठरा ठरवून दिले. त्यातले चार-पाच हातात बसले की निम्म्या चुका जातात. शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ: मी, कवी, गुरू. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले, तर शेवटून दुसऱ्या अक्षराचा दीर्घ इकार-उकार प्रत्ययासाठी शब्दाचं रूप बदलताना ऱ्हस्व होतो: विहीर पण विहिरीत, फूल पण फुलाला, गरीब पण गरिबाला. आपल्या शेजारच्या गावाचंच घ्या. 'खानापूर' लिहिताना पू दीर्घ, 'खानापुरात' लिहिताना पु ऱ्हस्व. इतकं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

आमची मराठी शुद्ध नाही. 'काय करूलास', 'खट्टे गेल्लास' असंच तोंडात येतं. गुण जातील का?

हा प्रश्न विचारताना मुलं मान खाली घालतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची मराठी अशुद्ध नाही, ती बेळगावची आहे. तिच्यात कन्नडचा हेल आहे, कोकणीचा शेजार आहे, कोल्हापूरकडचं 'लई' आहे. ज्या 'अण्णा' आणि 'अक्का' या हाका सगळा महाराष्ट्र मारतो, त्याही कन्नडमधून आलेल्या. पुण्याची पाहुणी मंडळी हसली म्हणून घरातली बोली बदलणारी मुलं मी पाहिली आहेत. ती मुलं माझ्या वर्गात लिहायला बसली की कितीतरी वेळ कागद कोराच राहतो, कारण मनात आलेलं प्रत्येक वाक्य आधी धुऊन घ्यावं असं त्यांना वाटतं.

तेव्हा वर्गातला रिवाज असा. माणसं बोलतात तिथे ती जशी बोलतात तसंच लिहायचं. पात्राच्या तोंडची बोली उच्चाराप्रमाणे लिहायला लेखनाचे नियमही मोकळीक देतात. आजी निपाणीची असेल तर 'इच्यार'च म्हणेल, तिच्या तोंडी 'विचार' घालू नका. लेखातलं तुमचं स्वतःचं निवेदन मात्र असं असावं की नागपूरच्या वाचकालाही कळेल. बोलीतला शब्द हवाच असेल तर खुशाल वापरा, फक्त आजूबाजूच्या वाक्यातून त्याचा अर्थ लागू द्या. भाताची 'नट्टी' म्हटलं की आपल्याला रोपलावण दिसते. तिकडच्या वाचकाला ती दिसावी म्हणून शेतात वाकलेली माणसं आणि चिखलातला हात दाखवा.

गुण जातात ते दुसऱ्याच कारणाने. 'अत्यंत', 'खऱ्या अर्थाने', 'अनन्यसाधारण महत्त्व' असे शब्द रचून वाक्य रिकामं ठेवलं की शब्दनिवडीच्या तीनातला एक गेला असं समजा.

कन्नड किंवा इंग्रजीतून लिहिलं तर चालेल?

हा वर्ग मराठीचा आहे, त्यामुळे पक्की प्रत मराठीत. खर्डा ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत आणा. मुलाखत कन्नडमध्ये घेतली असेल तर उत्तम, आपल्या जिल्ह्यात ते अगदी सहज घडतं. मूळ वाक्य देवनागरीत लिहा आणि पुढे त्याचा अर्थ द्या.

एकच लेख दोनदा का लिहायचा? पहिल्याच वेळी नीट लिहिलं तर?

पहिल्याच वेळी नीट लिहिणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. मीही हे पान तिसऱ्यांदा लिहिते आहे. 'परत लिही' म्हणजे 'चांगल्या अक्षरात उतरवून काढ' असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही, हे एका उदाहरणाने सांगते. लिहिणाऱ्या विद्यार्थिनीची परवानगी आहे, नाव देत नाही. निपाणीकडची मुलगी, दुसरा लेख. तिचा कच्चा खर्डा असा सुरू झाला होता:

'माझी आजी खूप कष्टाळू आहे. तिने आयुष्यभर बिड्या वळून संसार केला. निपाणीच्या बिडी कामगार महिलांचे जीवन अत्यंत खडतर आहे. त्यांच्या कष्टाला माझा सलाम.'

यात खोटं काही नाही. पण हे लिहायला आजी लागत नाही. मी समासात लिहिलं, 'एक संध्याकाळ दाखव. आजी घरी आल्यावर आधी काय करायची?' पंधरा दिवसांनी पक्की प्रत आली:

'आजी आल्या आल्या काही विचारायचं नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. ती पाय धुवायची, सूप भिंतीला टेकवायची आणि मग आपणहून सांगायची, "आज चाळीस छाट." म्हणजे तिनं वळलेल्या हजारातल्या चाळीस बिड्या तपासणाऱ्यानं बाजूला काढल्या. त्यांचे पैसे नाहीत. बिड्या परतही नाहीत. तिसरीत असताना मी विचारलं, "मग त्या चाळीस कुठं जातात?" आजीनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "लिही ते पाटीवर. तुझ्या मास्तरला इच्यार."'

'खडतर' हा शब्द कुठेच नाही, तरी खडतरपणा कळतो. 'छाट' हा कारखान्यातला शब्द तिने समजावूनही दिला आणि लेखाचा कणाही केला. पुढे ती आजीला परत जाऊन भेटली, टेंभुर्णीची पानं किती वेळ भिजवायची, पान जास्त सुकलं तर वळताना कसं फाटतं, मग त्या फाटक्या पानाचा भुर्दंड कुणाला, हे सगळं विचारून आली. पहिल्या खर्ड्यात तिला हे प्रश्न पडलेच नव्हते. लिहिल्यामुळे पडले. पुनर्लेखन म्हणजे हे.

त्या लेखाने माझी तपासण्याची रीतही बदलली. काढलेल्या बिड्या का काढल्या हे आजीला कुणी सांगत नव्हतं. मीसुद्धा कित्येक वर्षं वहीच्या कोपऱ्यात '१४' एवढंच लिहून वही परत करत होते. आता जिथे गुण कापला तिथे समासात कारण लिहिते. ते लिहिलेलं नसेल तर वही घेऊन या, तो तुमचा हक्क आहे.

मी रात्र-रात्र जागून लिहिलं, तरी 'बी' कसा?

आधी 'बी'बद्दलचा गैरसमज काढू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांकांच्या श्रेणीत 'ओ' म्हणजे १०, 'ए प्लस' ९, 'ए' ८, 'बी प्लस' ७, 'बी' ६, 'सी' ५ आणि 'पी' म्हणजे ४, उत्तीर्ण. आयोगाच्याच शब्दांत 'बी' म्हणजे सरासरीपेक्षा वरचा. ती शिक्षा नव्हे.

मेहनतीचं म्हणाल तर मला ती दिसते, खर्ड्यावरची खाडाखोड बघूनच दिसते, आणि खर्ड्यांचे १० गुण त्यासाठीच ठेवलेत. पण लेखाचे गुण कागदावर जे उतरलं त्याचे. वडगाव-शहापूरच्या विणकरांच्या घरातल्या मुलांना हे लगेच पटतं. माग दिवसभर चालला तरी ताण्यात एक धागा तुटलेला राहिला तर तो दोष साडीभर दिसतो. विणणाऱ्याचे कष्ट कमी पडले असं कुणी म्हणत नाही, पण तो धागा सांधावाच लागतो. माझे शेरे म्हणजे धागा कुठे तुटलाय हे दाखवणारी बोटं. ते वाचून परत लिहिलं आणि पक्की प्रत खरोखर बदलली, तर सेमिस्टरमध्ये एका लेखाची तिसरी प्रत देता येते. दोन्हींतले जास्त गुण धरले जातील. तिसऱ्या प्रतीसोबत 'मी काय बदललं आणि का' याचं अर्धं पान जोडायचं. ते नसेल तर मी प्रत घेत नाही.

सीमाप्रश्नावर मत मांडलं तर चालेल का? गुण कापले जातील अशी भीती वाटते.

चालेल. तुमचं मत माझ्या मताशी जुळतं का, हे मी तपासत नाही. वर्गात मराठी घरांतली मुलं आहेत, कन्नड घरांतली आहेत, आई एका भाषेची आणि वडील दुसऱ्या भाषेचे अशीही आहेत. प्रत्येकाला इथे बसून मोकळेपणी लिहिता आलं पाहिजे, ही जबाबदारी माझी.

तीन गोष्टी मात्र बघते. पहिली, तारखा आणि घटना बरोबर आहेत का. १९४६ चं साहित्य संमेलन बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली झालं आणि तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. राज्यांची पुनर्रचना १ नोव्हेंबर १९५६ ची. महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला, अहवाल १९६७ मध्ये आला, बेळगाव शहर तेव्हाच्या म्हैसूर राज्यातच राहावं असं त्यात म्हटलं होतं आणि महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला २००४ मध्ये. एवढा सांगाडा चुकला तर वरच्या मताला आधार राहत नाही. दुसरी, समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा तुम्ही प्रामाणिकपणे मांडून त्याला उत्तर दिलंय का. समोरच्याच्या कच्च्या मुद्द्याला उत्तर देणं सोपं असतं, त्याला गुण कमी. तिसरी, लेखात एखादा खरा माणूस आहे का: जमिनीचा उतारा कन्नडमध्ये मिळाल्यावर तो वाचून घ्यायला शेजाऱ्याकडे जाणारा शेतकरी, किंवा मराठी गल्लीत दुकान चालवणारा कन्नड दुकानदार. घोषणा लिहू नका.

चौथ्या लेखासाठी साधनं कुठे मिळतील? गूगल पुरेसं नाही का?

सुरुवातीला पुरेसं आहे, शेवटी नाही. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे. इतक्या जुन्या वाचनालयाच्या गावात राहून आपण मोबाइलवर आलेला मजकूर पुरावा म्हणून द्यावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एकदा तरी तिथे जा. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बेळगाव खंड १८८४ चा. पिकं, बाजार, रस्ते, जाती-व्यवसाय सगळं त्यात आहे, पण ते गोऱ्या साहेबाच्या नजरेने लिहिलेलं आहे हे ध्यानात ठेवून वाचायचं. गावातलं देवस्थानचं बाड, सोसायटीचे जुने अहवाल, लग्नपत्रिका, घरातली हिशेबाची वही ही साधनंच आहेत. कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांतली भाषणं ऐकून टिपणं काढली असतील तर तीही चालतील, फक्त कुणाचं, कधीचं, कुठलं हे लिहा.

दुसऱ्याचं थोडं उतरवलं तर काय होतं? आणि मोबाइलवरच्या एआयकडून लिहून घेतलं तर?

दुसऱ्याचं वाक्य अवतरणात, नावानिशी दिलं तर तो आधार. नाव गाळलं तर ती चोरी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याबाबत नियम केले, त्यात प्रबंधासारख्या लेखनात दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पुढे चाळीस, साठ आणि साठाच्या वर अशा चढत्या पायऱ्या आहेत. आमच्या वर्गात मी टक्के मोजत बसत नाही. पहिल्यांदा आढळलं तर बोलावून विचारते आणि लेख परत लिहायला देते. दुसऱ्यांदा आढळलं तर त्या लेखाला शून्य.

एआयचं सांगायचं तर, शब्दाचा अर्थ विचारा, टायपिंगच्या चुका तपासून घ्या, हरकत नाही, पण काय विचारलं ते लेखाखाली लिहा. लेख लिहून घेऊ नका. त्याला तुमच्या आजीची संध्याकाळ माहीत नाही. तो पुन्हा 'खडतर' आणि 'सलाम'च लिहील, आणि तुम्ही जे विचारायला गेला असता ते कायमचं न विचारलेलं राहील. शंका आली तर मी खर्डा मागते आणि लेखातल्या दोन-तीन वाक्यांवर बोलते. स्वतः लिहिणाऱ्याला त्या बोलण्याची भीती वाटत नाही.

उशीर झाला तर?

दिवसाला एक गुण, सात दिवसांपर्यंत. आधी सांगितलंत तर कापत नाही. सुगी, घरातलं आजारपण, पावसात बंद पडलेली बस, ही कारणं मला समजतात. फक्त मुदतीच्या आधी निरोप द्या.

हजेरी?

७५ टक्के, विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे. यात माझ्या हातात काही नाही.

हाताने लिहायचं की टाइप करायचं?

खर्डा हाताने, एक ओळ सोडून. पक्की प्रत युनिकोडमध्ये टाइप केलेली चांगली, पण मोबाइल किंवा कॉम्प्युटर नसेल तर हाताने लिहिलेलीही त्याच गुणांची. अक्षर वळणदार नसलं तरी चालतं, वाचता आलं पाहिजे.

वडील विचारतात, याचा नोकरीला काय उपयोग?

वडिलांना सांगा, यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा पेपर २५० गुणांचा असतो, दोन निबंध, आणि तो मराठीतूनही लिहिता येतो. बँकेतला अर्ज, पंचायतीला द्यायचं निवेदन, विम्याच्या दाव्याचं पत्र हे घरातल्या शिकलेल्या मुलालाच लिहावं लागतं. मागे एका मुलाने गावच्या पाण्याच्या टाकीबद्दल ग्रामपंचायतीला दिलेलं निवेदन मला दाखवलं. तारखा, किती घरांना पाणी येत नाही, आधी कधी तक्रार केली, सगळं एका पानात. त्याला मी वर्गाचे गुण देऊ शकले नाही, पण ते निवेदन मी आता दर वर्षी वर्गात वाचून दाखवते.

असा वर्ग जगात आणखी कुठे असतो का?

अमेरिकेत तो जवळजवळ प्रत्येक कॉलेजात पहिल्या वर्षी असतो. हार्वर्डने १८७४ पासून प्रवेशपरीक्षेत छोटा निबंध लिहायला लावला. पुष्कळ मुलांना तो धड जमेना, आणि १८८५ मध्ये 'इंग्लिश ए' हा लेखनाचा अभ्यासक्रम पहिल्या वर्षाला आला. म्हणजे चांगल्या शाळांतून, आपल्याच मातृभाषेत शिकून आलेल्या मुलांनाही लिहायला शिकवावं लागलं. तुम्ही घरी मराठी, बाजारात कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी अशी तिन्ही सांभाळून इथे आलात. अडखळलात तर त्यात लाज कसली?

गुण पटले नाहीत तर कुणाकडे जायचं?

आधी माझ्याकडे, वही मिळाल्यापासून दहा दिवसांत. येताना समासातला कोणता शेरा पटला नाही ते एका परिच्छेदात लिहून आणा. 'मला जास्त हवेत' यावर मला काही करता येत नाही, पण 'तिसऱ्या परिच्छेदात पुरावा नाही असं तुम्ही म्हणता, तो दुसऱ्या पानावर आहे' असं दाखवलंत तर मी तुमच्यासमोर परत वाचते. दोनदा माझंच चुकलं होतं आणि गुण वाढवले. तरीही समाधान झालं नाही तर विभागप्रमुखांकडे अर्ज करा, लेख दुसऱ्या शिक्षकांकडे नाव झाकून जाईल.

वर्गात मोठ्याने वाचून दाखवावं लागेल का? मला बोलायला भीती वाटते.

एकदा लागेल, सेमिस्टरच्या शेवटी, स्वतःच्या आवडीचा एकच परिच्छेद. त्याला गुण नाहीत. उभं राहायचं नसेल तर बसून वाचा, किंवा शेजारच्या मैत्रिणीला वाचायला द्या. निपाणीच्या त्या मुलीने तिचा परिच्छेद वाचला नव्हता. त्या दिवशी आजी बसने बेळगावला आली होती, मागच्या बाकावर पदर सावरून बसली होती, आणि 'आज चाळीस छाट' हे वाक्य तिनेच म्हणून दाखवलं.